मोडलेल्या पाठीचा धडा

डेनिस लिली या ऑस्ट्रेलियन द्रुतगती गोलंदाजाने १९७१ ते १९८४ या काळात ७० कसोटी सामन्यांत ३५५ बळी मिळवले. तो निवृत्त झाला तेव्हा हा जागतिक विक्रम होता. या ७० सामन्यांपैकी एकही सामना तो भारतात खेळला नाही. तरीही भारतीय क्रिकेटवर खोल ठसा उमटवणाऱ्या परदेशी खेळाडूंची यादी करायची झाली, तर त्याचे नाव अगदी वर घ्यावे लागेल. १९८७ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे त्याच्या खेळाडू म्हणून कारकीर्दीच्या जवळजवळ दुप्पट काळ, त्याने तेव्हाच्या मद्रासमध्ये आणि आजच्या चेन्नईत भारतीय मुलांना वेगवान गोलंदाजीचे धडे दिले. त्याच्या बळींचा हिशेब क्रिकेटच्या वार्षिकांत नोंदलेला आहे. त्याच्या शिकवण्याचा हिशेब मात्र अजून नीट मांडला गेलेला नाही. तो मांडणे केवळ क्रिकेटप्रेमींच्या नव्हे, तर शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

लिलीचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीची भारतीय क्रिकेटची स्थिती आठवावी लागते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा महंमद निसारने इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले होते आणि यजमानांची अवस्था ३ बाद १९ अशी झाली होती. दुसऱ्या टोकाला अमरसिंगसारखा जोडीदार होता. आरंभ इतका दमदार झाला; परंतु ही परंपरा पुढे चालली नाही. फिरकीच्या वैभवाच्या काळात नव्या चेंडूचे काम त्याची चकाकी घालवण्यापुरते उरले. १९६७ मध्ये बर्मिंगहॅम येथील कसोटीत भारताच्या गोलंदाजीची सुरुवात करणाऱ्यांत बुधी कुंदरन होता, आणि कुंदरन हा मुळात यष्टिरक्षक. खुद्द सुनील गावसकरवरही काही कसोटी सामन्यांत नवा चेंडू हाती घेण्याची वेळ आली. कपिल देवने स्वतः अनेकदा सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. तरुण खेळाडूंच्या शिबिरात त्याने पोटभर जेवण मागितले. आपण वेगवान गोलंदाज आहोत, असे कारण दिले. त्यावर भारतात वेगवान गोलंदाज असतात तरी कुठे, असे उत्तर त्याला हसून मिळाले.

हे हसणे एका व्यक्तीचे नव्हते. त्यामागे एक सिद्धांत होता. भारतीयांची शरीरयष्टी, त्यांचा आहार, इथले हवामान आणि इथल्या निर्जीव खेळपट्ट्या यांतून वेगवान गोलंदाज निपजणे शक्य नाही, असे जाणकार म्हणवणारेही गंभीरपणे सांगत असत. सिद्धांत सोयीचा होता. दोष रक्ताचा आणि मातीचा ठरला, की शिकवण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

वस्तुस्थिती निराळी होती. मुंबईच्या रमाकांत देसाईचेच उदाहरण घ्यावे. अंगाने लहानखोरा असलेला हा मुलगा १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध आपली पहिली कसोटी खेळला, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्या एकाच डावात त्याच्याकडून ४९ षटके टाकून घेण्यात आली. १६९ धावांत ४ बळी, असे त्याच्या कष्टाचे फळ होते. २८ कसोटी सामने आणि ७४ बळी एवढ्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. महाराष्ट्राचा पांडुरंग साळगावकर सत्तरीच्या दशकात देशातील सर्वांत वेगवान गोलंदाजांत गणला जाई. त्याच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नाही. तेव्हा वेगवान गोलंदाज जन्माला येत नव्हते, असे म्हणता येणार नाही. ते जन्माला येत होते. त्यांना जपण्याची विद्या आणि इच्छा नव्हती.

पडझड आणि पुनर्बांधणी

ही विद्या लिलीने पुस्तकातून मिळवली नव्हती. १९७१ च्या जानेवारीत अ‍ॅडलेड येथे इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्याने एका डावात ५ बळी घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पर्थला शेष विश्व संघाचा डाव ५९ धावांत कोसळला, तेव्हा २९ धावांत ८ बळी लिलीचे होते. १९७२ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत त्याने ३१ फलंदाज बाद केले. लांबवरून वादळासारखे धावत यायचे आणि अंगातील सारे बळ एका चेंडूत ओतायचे, एवढीच त्याची तेव्हाची रीत होती. शरीर ती रीत किती काळ सहन करील, याचा विचार त्याने केला नव्हता. त्याच्या प्रशिक्षकांनीही केलेला दिसत नाही.

१९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात उत्तर मिळाले. पाठीच्या खालच्या मणक्यांना ताणामुळे भेगा पडल्याचे निष्पन्न झाले आणि तेवीस वर्षांच्या या गोलंदाजाचे धड प्लास्टरमध्ये अडकले. त्या काळी अशी दुखापत म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या कारकीर्दीचा शेवट समजला जाई. लिलीने तो शेवट मानला नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक फ्रँक पाइक यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने आपले शरीर पायापासून पुन्हा उभे केले. पोट, पाठ आणि मांड्या यांचे स्नायू क्रमाक्रमाने बळकट करण्याचा हा कार्यक्रम कंटाळवाणा आणि कष्टाचा होता. मधल्या काळात तो क्लबच्या सामन्यांत केवळ फलंदाज म्हणून खेळला. जगातील सर्वांत धास्ती वाटणाऱ्या गोलंदाजाने चेंडूला हात न लावता महिनोन्महिने थांबायचे, ही काही लहान शिक्षा नव्हती.

१९७४-७५ च्या मोसमात तो परतला. जेफ थॉमसनच्या जोडीने त्याने इंग्लंडची दाणादाण उडवली. सहा कसोटींत लिलीने २५ आणि थॉमसनने ३३ बळी मिळवले. परंतु आकड्यांपेक्षा महत्त्वाचा होता तो त्याच्यातील बदल. परतलेला लिली पूर्वीइतकाच त्वेषाने गोलंदाजी करी, पण आता त्या त्वेषाला विचाराचा लगाम होता. कोणता चेंडू पूर्ण वेगाने टाकायचा आणि कोणता राखून, लेग-कटर कधी वापरायचा, एका फलंदाजासाठी तीन षटकांचा सापळा कसा रचायचा, हे तो शिकला. १९७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नच्या शताब्दी कसोटीत त्याने ११ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी विजय मिळवला. तो संपूर्णतः या दुसऱ्या लिलीचा विजय होता. भारतीय उपखंडाची मातीही त्याला ठाऊक झाली होती. १९८० च्या पाकिस्तान दौऱ्यातील तीन कसोटींत मिळून त्याला अवघे तीन बळी मिळाले. निर्जीव खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाचे काय होते, हे पुढे मद्रासच्या मुलांना सांगताना त्याला कल्पनाशक्तीची गरज पडली नसेल.

या माणसाचा स्वभाव मात्र शिक्षकाला शोभणारा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत तो अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन आला आणि पंचांशी हुज्जत घालून खेळ थांबवून बसला. १९८१ मध्ये जावेद मियाँदादला त्याने मैदानावर लाथ मारली आणि त्याबद्दल त्याच्यावर बंदीची कारवाई झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील मेलबर्न कसोटी तर भारतीय प्रेक्षक विसरणे शक्य नाही. लिलीच्या चेंडूवर पायचीत ठरवला गेलेला गावसकर, पंचांच्या निर्णयाने आणि नंतरच्या शेरेबाजीने चिडून, सलामीचा जोडीदार चेतन चौहान यालाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाला होता. व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी सीमारेषेवर चौहानला परत धाडले नसते, तर भारताला तो सामना सोडून द्यावा लागला असता. प्रत्यक्षात कपिल देवच्या भेदक माऱ्याने ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत गडगडला आणि भारत जिंकला. त्या दिवशी, सहा वर्षांनी हाच लिली भारतीय मुलांचा गुरू होईल असे कोणी सांगितले असते, तर त्यावर विश्वास कोणी ठेवला असता?

शाळेच्या मैदानावरील शाळा

१९८७ साली ते घडले. त्यासाठी पुढाकार घेतला तो क्रिकेट मंडळाने नव्हे, तर टायर बनवणाऱ्या एका कारखानदार कुटुंबातील रवी मम्मेन यांनी. एमआरएफ पेस फाउंडेशन या नावाने ही संस्था मद्रासमधील एका शाळेच्या मैदानावर उभी राहिली. भारतीय मंडळाची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी स्थापन व्हायला २००० साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या पुढाकाराची किंमत कळते. लिली वर्षातून काही वेळा येई आणि काही दिवस राहून परत जाई. त्याने घालून दिलेला अभ्यास वर्षभर करवून घेण्याचे काम टी. ए. शेखर यांच्याकडे होते. शेखर हे तमिळनाडूचे वेगवान गोलंदाज. भारतातर्फे त्यांना दोनच कसोटी सामने खेळायला मिळाले. मोठे नाव लिलीचे झाले आणि ते योग्यच होते. पण रोज सकाळी मैदानावर उभा राहणारा शिक्षक नसेल, तर मोठ्या गुरूचे व्याख्यान हवेत विरून जाते. शिक्षणक्षेत्रातील कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेथे शिकवले काय जाई? वेग वाढवण्याची जादू तेथे नव्हती. पहिला पाठ शरीराचा होता: धावावे कसे, व्यायाम कोणता करावा, विश्रांती केव्हा घ्यावी. दुसरा पाठ शैलीचा होता. वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्यापूर्वी पुढचा पाय आपटतो, त्या क्षणी त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावरून कमरेपर्यंत जातो. खांदे आणि कंबर दोन्ही आडवी असतील, किंवा दोन्ही फलंदाजाच्या समोर असतील, तर पाठीचा कणा हा भार सोसतो. परंतु कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी मिश्र शैली असेल, तर त्याच क्षणी कणा पिळला जातो. ओले कपडे पिळावेत तसा हा पीळ दिवसातून शंभर वेळा, वर्षानुवर्षे बसला, की मणक्याला भेग पडते. लिलीच्याच पर्थमधील ब्रूस एलियट आणि डॅरिल फॉस्टर प्रभृती अभ्यासकांनी मिश्र शैली आणि पाठीची दुखापत यांचा हा संबंध संशोधनाने दाखवून दिला. लिलीने तो स्वतःच्या हाडांवर अनुभवला होता. त्यामुळे आपल्यासारखी गोलंदाजी करा, असे त्याने मुलांना सांगितले नाही. आपल्या वाट्याला आले ते तुमच्या वाट्याला येऊ नये, असे त्याच्या शिकवण्याचे सूत्र होते. मोठा खेळाडू आणि मोठा शिक्षक यांतील अंतर नेमके येथे आहे. पहिला स्वतःची नक्कल करायला लावतो. दुसरा आपल्या चुकांपासून विद्यार्थ्याला वाचवतो.

याच मैदानावर १९८७ मध्ये मुंबईचा एक चौदा वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाज होण्याच्या इच्छेने आला होता. लिलीने त्याला पाहिले आणि फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. तो मुलगा सचिन तेंडुलकर होता. ही गोष्ट सहसा विनोद म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगू नये. तुझी वाट ही नव्हे, ती आहे, असे मुलाला वेळेवर आणि न दुखावता सांगणे हे शिक्षकाचे अत्यंत अवघड कर्तव्य आहे. फी भरणाऱ्या प्रत्येकाला आशेवर ठेवणाऱ्या आजच्या शिकवणीवर्गांना ते परवडत नाही. दोनच वर्षांनी, १९८९ च्या पाकिस्तान दौऱ्यात, तेंडुलकर फलंदाज म्हणून कसोटीत उतरला. त्याच मालिकेत फाउंडेशनच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी विवेक राजदान हा गोलंदाज म्हणून खेळला आणि सियालकोटला त्याने एका डावात ५ बळी मिळवले.

श्रीरामपूर ते चेन्नई

पुढे जवागल श्रीनाथ, वेंकटेश प्रसाद, झहीर खान, इरफान पठाण, मुनाफ पटेल, रुद्रप्रताप सिंग, श्रीशांत अशी रांगच या शाळेतून भारतीय संघात आली. यांपैकी झहीरची कहाणी महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरसारख्या साखरपट्ट्यातील गावातून आलेला हा डावखुरा मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण बाजूला ठेवून मुंबईत क्रिकेटच्या मागे लागला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला आधार दिला, शेखर यांनी त्याला हेरले आणि चेन्नईला नेले. ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, ही त्याची पुढची मिळकत. मात्र त्याच्या आयुष्यातील सर्वांत लिलीसारखा भाग २००६ मधला आहे. भारतीय संघातून वगळला गेल्यावर तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला, आपले धावत येणे आखूड केले, शैली सुटसुटीत केली, मोसमात ७८ बळी घेतले आणि दुसरा झहीर होऊन परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर त्याने ९ बळी घेतले. त्या विजयाच्या बळावर भारताने इंग्लंडमधील मालिका जिंकली. पडल्यावर स्वतःची पुनर्रचना करता येते, हा लिलीचा मूळ धडा शिष्याने असा गिरवला.

या शाळेवर आक्षेपही घेतले गेले आणि ते सगळेच निराधार नव्हते. तिथून आलेल्या काहींचा वेग दोन-तीन वर्षांत उतरला, काही दुखापतींत हरवले, राजदानची कारकीर्द दोन कसोटींवर थांबली. साऱ्यांच्या शैलीवर एकच इस्त्री फिरवली जाते, असेही म्हटले गेले. परंतु शाळेचे मूल्यमापन करताना ती नसती तर काय असते, हा प्रश्नही विचारावा लागतो. शिवाय शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाकडून वर्षाला किती सामने खेळवून घ्यायचे, हे ठरवणारे हात वेगळेच होते. शिक्षकाने बांधून दिलेले शरीर व्यवस्थेने मोडले, तर दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. ग्लेन मॅकग्रासारखा परदेशी गोलंदाजही तरुणपणी येथे शिकून गेला आणि २०१२ मध्ये लिलीची जागा घेण्यासाठी परत आला. विद्यार्थ्याने गुरूचे आसन सांभाळावे, यापेक्षा शाळेच्या यशाचे मोठे प्रमाणपत्र कोणते?

२०१८ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला भारतीय वेगवान गोलंदाजांनी दक्षिण आफ्रिकेचे वीसच्या वीस बळी घेतले. त्या विजयाचे श्रेय लिलीच्या पदरात टाकणे अतिशयोक्तीचे होईल. ती पिढी वेगळ्या वाटांनी, वेगळ्या शिक्षकांच्या हाताखाली घडली. पण भारतीय शरीर वेगासाठी नाही, हा जुना सिद्धांत तोपर्यंत गाडला गेला होता. त्याला मूठमाती देण्याची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांत कपिल देवच्या खालोखाल चेन्नईचे ते मैदान येते.

हिशेब कोणी ठेवायचा?

आता धोका उलट दिशेने आहे. वेगवान गोलंदाज व्हायची इच्छा असलेल्या मुलांची वाण राहिलेली नाही. तालुक्यातालुक्यांत क्रिकेटचे वर्ग निघाले आहेत. आयपीएलच्या पैशाने अनेक घरांत मोठी स्वप्ने पेरली आहेत. तेरा-चौदा वर्षांचा जो मुलगा इतरांपेक्षा वेगाने चेंडू टाकतो, तो सकाळी वर्गात, दुपारी शाळेच्या संघात आणि रविवारी क्लबच्या सामन्यात गोलंदाजी करतो. तिन्ही ठिकाणी तो हुकमी एक्का असतो आणि तिन्ही ठिकाणचे मार्गदर्शक त्याला आणखी एक षटक टाकायला लावतात. त्याने आठवड्यात किती चेंडू टाकले, याची नोंद कुणाकडेच नसते. त्याची हाडे अजून वाढत असतात. जसप्रीत बुमराहसारख्या, उत्तम डॉक्टर आणि साधने दिमतीला असलेल्या गोलंदाजालाही पाठीच्या दुखण्यासाठी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मग परभणी वा सावंतवाडीच्या मुलाच्या मणक्याला भेग पडली, तर ती कळणार कोणाला? घरचे तेल चोळतील, मार्गदर्शक त्याला कच्च्या दमाचा ठरवील आणि मुलगा खेळ सोडून देईल. देसाईची ४९ षटके निदान धावफलकावर नोंदली गेली. या मुलाची नोंदही होणार नाही.

इंग्लंडमध्ये वयोगटानुसार वेगवान गोलंदाजाने एका टप्प्यात व एका दिवसात किती षटके टाकावीत, याची मर्यादा घालून दिलेली आहे. तशी मर्यादा आपल्या शालेय स्पर्धांत, हॅरिस ढालीपासून तालुका पातळीवरील सामन्यांपर्यंत, काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. ती पाळण्यासाठी परदेशी तज्ज्ञ किंवा महागडी यंत्रे लागत नाहीत. एक वही लागते, आणि ती भरणारा प्रामाणिक माणूस लागतो. शाळेतील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हे काम करू शकतो. त्याला मिश्र शैली ओळखण्याचे आठवडाभराचे प्रशिक्षण देणे श्रीमंत क्रिकेट संघटनांना मुळीच जड नाही. परंतु आज या शिक्षकाच्या तासिका कमी होत आहेत, अनेक ठिकाणी त्याचे पद रिकामे आहे, आणि जेथे तो आहे तेथे त्याच्यावर इतर शंभर कामे लादलेली आहेत. एका कारखानदाराने १९८७ मध्ये जे ओळखले, ते सरकारला आणि संघटनांना आज ओळखता येऊ नये, हे खेदजनक आहे.

लिलीने ३५५ फलंदाज बाद केले, हा त्याचा पराक्रम. तेवीसाव्या वर्षी मोडलेली पाठ त्याने विद्या म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना दिली, हे त्याचे ऋण. ते फेडण्यासाठी पुतळे आणि पुरस्कार नकोत. कोणत्याही गावातील वेगवान मुलगा वीस वर्षांचा होईल तेव्हा त्याचा कणा शाबूत असावा, एवढी व्यवस्था झाली तरी ते फिटेल.